चार फुटबॉलपटू, एक हंगाम आणि न बोलायचा आजार

27 मे 2023, शनिवार. आपल्याकडे सायंकाळचे सात वाजले होते. जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात 81 हजारांवर माणसं स्टेडियममध्ये जमली होती. जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचा, म्हणजे बुंडेसलिगाचा, तो शेवटचा दिवस. अठरा संघ, प्रत्येकाचे चौतीस सामने, आणि तेहेतीस सामने झाल्यावर बोरुसिया डॉर्टमुंड 70 गुणांवर, बायर्न म्युनिक 68 वर. बायर्नने त्याआधी सलग दहा वर्षं ही लीग जिंकलेली. आता डॉर्टमुंडने घरच्या मैदानावर माइन्झ संघाला हरवलं की काम झालं. गावभर पिवळे झेंडे लागले होते.

पंधराव्या मिनिटाला माइन्झने गोल केला. चार मिनिटांनी डॉर्टमुंडला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला सेबास्टियन हालर या उंचापुऱ्या खेळाडूने. त्याने मारलेला चेंडू माइन्झच्या गोलरक्षकाने अडवला. पुढे पाच मिनिटांत दुसरा गोलही अंगावर बसला. डॉर्टमुंडने नंतर दोन्ही फेडले, पण सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. तिकडे कोलोनमध्ये बायर्नने 89 व्या मिनिटाला गोल करून 2-1 ने बाजी मारली. दोघांचे गुण 71-71. गोलफरकात बायर्न पुढे, त्यामुळे अकरावं विजेतेपदही त्यांचंच.

आमच्या घरी भाचा मोबाईलवर हा सामना बघत होता. आम्हाला फुटबॉलमधलं फार कळत नाही. नागपूर-कामठीकडे हा खेळ जुना आहे, पोरं खेळतात, तेवढाच आमचा संबंध. पेनल्टी अडवली तसा तो ओरडला, "मावशी, घालवली याने!" आणि मग आपणहून म्हणाला, "पण याला कॅन्सर झाला होता ना, आत्ताच तर बरा झाला." कशाचा कॅन्सर, असं आम्ही विचारलं. पोरगा एकोणीस वर्षांचा. मान खाली घालून म्हणाला, "तिथला."

या "तिथला" वरच हा लेख आहे. त्या अवयवाचं नाव वृषण. ज्या पिशवीत ते असतं तो अंडकोष. आपण बोलताना दोन्हीला अंडकोषच म्हणतो. आम्ही वीस वर्षं नर्सचं काम केलं, तरी हा शब्द मोठ्याने उच्चारायला आम्हालाही शिकावं लागलं. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी त्या हंगामाबद्दल.

2022-23 चा हंगाम 5 ऑगस्ट 2022 ला सुरू झाला. त्याआधीच, मे महिन्यात, युनियन बर्लिन या क्लबचा बचावपटू टिमो बाउमगार्टल याला नेहमीच्या तपासणीत वृषणाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. जुलैमध्ये त्याच शहरातल्या हेर्था बर्लिनचा मार्को रिख्टर. त्याचं लवकर सापडलं, शस्त्रक्रियेवरच भागलं आणि उन्हाळा संपायच्या आत तो खेळायला उभा राहिला. रिख्टरची बातमी येऊन आठवडा झाला नाही तोच हालर. आणि सप्टेंबरमध्ये हेर्थाचाच जाँ-पॉल बोएटियस. पाच महिन्यांत, एकाच लीगमध्ये, चार तरुण, धडधाकट खेळाडू. आजार एकच.

हालरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. वय 28. जन्म फ्रान्सचा, खेळतो आयव्हरी कोस्टसाठी. आदल्या हंगामात तो नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबकडून खेळत होता आणि तिथल्या लीगमध्ये 21 गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटातल्या सहा सामन्यांत त्याने दहा गोल केले. डॉर्टमुंडने त्याला मोठी रक्कम मोजून घेतलं. संघ सरावासाठी स्वित्झर्लंडमधल्या बाड रागाझ इथे गेला होता. 18 जुलैला सराव झाल्यावर त्याला बरं वाटेना. क्लबचे डॉक्टर जवळच होते, तपासण्या झाल्या आणि वृषणात गाठ सापडली. जुलैच्या अखेरीस कळलं की गाठ कॅन्सरची आहे आणि केमोथेरपी घ्यावी लागणार. नव्या क्लबसाठी एकही सामना न खेळता त्याचा हंगाम दवाखान्यात सुरू झाला. दोन शस्त्रक्रिया, केमोची चार चक्रं.

युरोपभर गोलांचा पाऊस पाडणाऱ्या शरीरात गाठ होती आणि दिसत काहीच नव्हतं. या आजाराचं हेच आहे. तो म्हातारपणाची वाट बघत नाही. साधारण पंधरा ते चाळीस या वयात, म्हणजे ज्या वयात माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही त्या वयात, तो गाठतो. आणि बहुतेक वेळा दुखत नाही. दुखलं असतं तर माणसं आली असती.

चार खेळाडू एकदम निघाले तेव्हा लोकांना शंका येणारच. चेंडू लागून होतो का? घट्ट चड्डीमुळे होतो का? कोरोनाच्या लशीमुळे झाला का? मार लागल्याने किंवा घट्ट कपड्याने हा कॅन्सर होत नाही. होतं असं की, मार लागला म्हणून माणूस हात लावून बघतो आणि आधीपासूनची गाठ हाताला लागते. लशीचं म्हणाल तर कोरोना येण्याच्या कितीतरी आधीपासून या वयाच्या पुरुषांत हा कॅन्सर इतर कोणत्याही कॅन्सरपेक्षा जास्त आढळतो. जर्मनीत वर्षाला सुमारे चार हजार पुरुषांना तो होतो. लीगमधले पाचेकशे खेळाडू नेमके त्याच वयाचे. शिवाय त्यांच्या तपासण्या सतत होतात, म्हणून सापडतोही. चार जण एका हंगामात निघणं हे जास्तच आहे, पण त्यामागे एखादं ठराविक कारण असल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे हा कॅन्सर जर्मनीच्या मानाने बराच कमी आढळतो. कमी आढळतो म्हणून डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही, हा त्यातला धोका.

त्याच लीगमधला एक आधीचा प्रसंग आहे. मे 2016. आयन्त्राख्ट फ्रँकफुर्टचा कप्तान मार्को रुस याची उत्तेजक द्रव्यांसाठी चाचणी झाली आणि त्यात एचसीजी नावाचं संप्रेरक वाढलेलं निघालं. आमच्या नर्स भगिनींना हे नाव चांगलं माहीत आहे. बाईची पाळी चुकली की लघवीच्या पट्टीवर आपण जे बघतो ते हेच. पुरुषाच्या अंगात ते वाढलेलं दिसलं तर एकतर त्याने औषध घेतलंय, नाहीतर वृषणाची काही प्रकारची गाठ ते बनवतेय. रुसने औषध घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सामना होता. तो खेळला, आणि मग शस्त्रक्रियेला गेला. केमो झाली, पुढच्या वर्षी परत मैदानावर आला. पुढे फ्रँकफुर्टमध्ये हालर आणि तो एकाच संघात खेळले. (कुणी घरी पट्टी आणून नवऱ्याची तपासणी करू नये. सगळ्या गाठी हे संप्रेरक बनवत नाहीत. पट्टी कोरी निघाली म्हणून गाठ नाही, असं होत नाही.)

आता आमची गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात होतो. सेंट्रिंगचं काम करणारा एक तरुण भरती झाला. वय पंचविशीच्या आत, लग्नाला वर्ष झालेलं. तक्रार काय, तर खोकला आणि कंबर दुखते. दोन दिवस तो आमच्या वॉर्डात होता. आम्ही त्याचा ताप घेतला, सलाईन लावलं, जेवलास का विचारलं. तो कायम चादर गुडघ्यांवर घेऊन बसायचा. उकाड्यातही. आम्हाला ते दिसलं होतं. आम्ही विचारलं नाही. बाई माणसाने पुरुषाला काय विचारायचं, वॉर्डबॉय बघेल, असं तेव्हा सगळ्याच जणी करायच्या.

तिसऱ्या दिवशी छातीच्या फोटोत फुप्फुसात गोल गोल डाग दिसले आणि मग डॉक्टरांनी चादर बाजूला केली. उजवं वृषण मोठ्या लिंबापेक्षा मोठं, दगडासारखं कडक झालेलं. दहा महिने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं. तिने सासूला सांगायची हिंमत केली नाही. मधल्या काळात गावाकडच्या एका डॉक्टरने हायड्रोसिल समजून सुई घालून पाणी काढायचा प्रयत्न केला होता. पाणी निघालं नाही, तेव्हा लेप दिला. आमच्याकडून त्याला मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पाठवलं. जाताना त्याची बायको आम्हाला म्हणाली, "सिस्टर, मी बोलले असते तर?" आम्ही काही उत्तर दिलं नाही. तिच्याइतकेच आम्हीही गप्प राहिलो होतो, दोन दिवस.

म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात त्या क्लबांनी ज्या पद्धतीने बातमी दिली, ती आम्हाला मोठी वाटली. "आजारी आहे", "पोटाची तक्रार आहे" असं काही नाही. अवयवाचं नाव घेतलं आणि आजाराचं नाव घेतलं. बर्लिनमधल्या सोळा वर्षांच्या पोराने ते वाचलं असेल आणि अंघोळ करताना हात लावून बघितला असेल. डॉर्टमुंडला परतल्यावर हालरच्या बुटांवर कॅन्सरला उद्देशून चक्क शिवी लिहिलेली होती. ती इथे छापता येणार नाही, पण भाच्याने वाचून दाखवली तेव्हा आम्हाला हसू आलं.

आता वाचकहो, कामाचं.

गरम पाण्याने अंघोळ झाली की अंडकोष सैल पडतो. तेव्हा महिन्यातून एकदा दोन्ही वृषणं, एक एक करून, अंगठा आणि बोटांच्या मध्ये हलक्या हाताने फिरवून बघावीत. एक थोडं मोठं असणं, एक थोडं खाली लोंबणं हे नेहमीचं आहे. मागच्या बाजूला दोरीसारखा मऊ भाग लागतो, ती गाठ नव्हे. वृषणावरच तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढं कडक काही लागलं, एक बाजू आधीपेक्षा मोठी किंवा जड वाटू लागली, ओटीपोटात किंवा जांघेत ओढ लागल्यासारखं दुखू लागलं, तर आठवड्याच्या आत सर्जनला दाखवायचं. कधीकधी पुरुषाची छाती सुजते, दुखते, तेही सांगायचं. हाताला लागलेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. पण ती कशाची आहे हे घरी बसून कळत नाही. सोनोग्राफी करावी लागते, ती दुखत नाही, आणि रक्ताच्या दोन-तीन तपासण्या.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांत हत्तीरोग आहे आणि त्यापायी अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसिल, पुष्कळांना असतं. घरात आजोबांना होतं, काकांना होतं, म्हणून तरुणाची सूज बघितली की "पाणी भरलं असेल" म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण गाठीभोवतीही पाणी जमतं. म्हणून तरुण माणसाच्या अंडकोषाला सूज असेल तर सोनोग्राफी झाल्याशिवाय कुणालाही सुई घालू देऊ नका. कॅन्सरची गाठ असेल तर पिशवीतून सुई घालणं चुकीचंच. शस्त्रक्रियासुद्धा जांघेतून चीर देऊन करतात, अंडकोषाला हात न लावता.

आयांसाठी एक गोष्ट. मुलगा जन्मला की दोन्ही वृषणं पिशवीत उतरली आहेत का, हे लस द्यायला नेता तेव्हा डॉक्टरांना बघायला सांगा. सहा महिन्यांचा होईपर्यंत उतरलं नाही तर दाखवायचं. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ते खाली आणतात. न उतरलेलं वृषण हे पुढे या कॅन्सरचं सगळ्यांत ठळक कारण ठरतं. आणि तरुण मुलगा एकाएकी अंडकोष फार दुखतो म्हणून कळवळला, उलटी झाली, तर तो कॅन्सर नव्हे. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. रक्तपुरवठा बंद पडून पाच-सहा तासांत ते निकामी होऊ लागतं. रात्रीच न्यायचं.

पुरुष न येण्यामागे लाज असते तशी भीतीही असते: एक काढलं तर मर्दानगी जाणार, पोरं होणार नाहीत. आम्ही हे शंभरदा ऐकलंय. एक वृषण निरोगी असेल तर संप्रेरकं पुरतात, संबंध ठेवता येतात, मुलंही होतात. केमोथेरपीने काही जणांचे शुक्राणू कमी होतात, बरेचदा ते पुन्हा सुरू होतात, पण खात्री नसते. म्हणून केमोच्या आधीच शुक्राणू गोठवून ठेवायची सोय मोठ्या शहरांत आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. डॉक्टर घाईत असतात, सांगायचं राहून जातं, आपण विचारायचं. आपल्या समाजात तर नवीन लग्न झालेल्या पोराला हे कुणी सांगतच नाही.

आणि बरा होतो का? होतो. 1970 च्या आधी हा कॅन्सर पसरला की माणूस बहुधा जायचा. 1974 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधाची इतर औषधांशी जोड देऊन बघितली आणि चित्र पालटलं. आज लवकर सापडलं तर शंभरातले 95 हून अधिक बरे होतात. फुप्फुसात पसरल्यावरसुद्धा बरे होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, असं फार थोड्या कॅन्सरबाबत म्हणता येतं. फरक पडतो तो उपचार किती सोसावे लागतात यात. रिख्टर आणि हालर यांची बातमी एकाच महिन्यात आली. एक ऑगस्ट संपायच्या आत मैदानावर होता, दुसरा जानेवारीत.

हालरला क्लबचे डॉक्टर होते, पगार चालू होता. सेंट्रिंगच्या पोराला रोजी बुडाली की चूल बंद. हा फरक आम्ही झाकून ठेवणार नाही. पण कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं. केमोची चक्रं साधारण तीन-तीन आठवड्यांनी असतात. पहिल्या चक्रानंतर बरं वाटलं म्हणून कामावर जाऊन पुढची चक्रं बुडवणारे आम्ही पाहिलेत. तसं करायचं नाही. घरच्यांनी, मंडळाने तेवढे तीन-चार महिने त्याच्या घरचं धान्य बघावं.

हालर 22 जानेवारी 2023 ला ऑग्सबुर्गविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला. सामना 4-3 असा, वेडावाकडा. पहिला गोल त्याने केला 4 फेब्रुवारीला, फ्रायबुर्गविरुद्ध. तो दिवस जागतिक कर्करोग दिन होता. कुणी ठरवून केलं असतं तर खरं वाटलं नसतं. त्या अर्ध्या हंगामात त्याने लीगमध्ये नऊ गोल केले. शेवटून दुसऱ्या सामन्यात ऑग्सबुर्गमध्ये दोन गोल मारून डॉर्टमुंडला पहिल्या क्रमांकावर नेण्यात त्याचाच हात होता. म्हणजे ज्या शेवटच्या दिवशी त्याची पेनल्टी अडली, तो दिवस उजाडला त्यातही त्याचा वाटा होता. केमोची चार चक्रं घेतलेला माणूस किती थकतो हे आम्हाला माहीत आहे. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. हा सहा महिन्यांनी नव्वद मिनिटं धावत होता.

बाकीच्यांचं थोडक्यात: बाउमगार्टल सप्टेंबरमध्ये परतला आणि त्याच्या युनियन बर्लिनने चौथा क्रमांक मिळवला. हेर्था मात्र तळाला गेली आणि लीगमधून बाहेर पडली. रिख्टर आणि बोएटियस दोघेही त्याच हंगामात पुन्हा खेळले, पण बुडत्या संघात.

त्या शनिवारी सामना संपल्यावर डॉर्टमुंडचे प्रेक्षक उठून गेले नाहीत. गोलमागच्या उभ्या राहायच्या भागात पंचवीस हजार माणसं असतात. ती हरलेल्या संघासाठी गात, टाळ्या वाजवत उभी होती. प्रशिक्षक रडत होता. भाचा म्हणाला, "मावशी, एवढं होऊन याने पेनल्टी मारायला नको होती." आम्ही म्हटलं, मारली म्हणून तर अडली. पुढल्या फेब्रुवारीत, 2024 ला, आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच हालरने नायजेरियाविरुद्ध 81 व्या मिनिटाला गोल करून आयव्हरी कोस्टला 2-1 ने जिंकून दिलं. तो सामना बघायला भाच्याने रात्री आम्हाला उठवलं होतं.

त्याच आठवड्यात तो आम्हाला घेऊन त्याच्या मैदानावर गेला. सराव संपल्यावर पंधरा-सोळा पोरं गोल करून बसली, घामाने निथळत. आम्ही हालरचं नाव घेऊन सुरुवात केली आणि मग त्या अवयवाचं नाव घेतलं. दोघं खुदकन हसले, बाकीचे गवत उपटत बसले. जाताना एक जण सायकल हातात धरून मागे रेंगाळला. सोमवारी सकाळी सर्जरीच्या ओपीडीत आम्ही त्याच्यासोबत रांगेत उभे होतो. सोनोग्राफीत साधं पाणी निघालं.